दोन चमचे सूर्यफूल

आतड्याचं ऑपरेशन झालं ज्येष्ठात.
मार्गशीर्ष लागेतो आपांच्या पोटऱ्यांवर
खवलं धरली,
पेडव्याच्या खवल्यांहून बारीक,
फुंकरीने उडणारी.
सकाळी चादर झटकली की
तिरप्या उन्हात थोडे आपा तरंगायचे
आणि मग सावकाश फरशीवर बसायचे.
मी केर काढायची.

आधी भुवया गेल्या.
मग कानशिलांवरचे केस
एकेक करून उशीवर राहू लागले.

सावईवेऱ्यात चाळीस वर्षं घाणा हाकलेला माणूस.
शर्टाला, नोटांना,
उधारीच्या वहीलासुद्धा खोबरेलाचा वास.
हात इतके ओशट
की दाराची कडी निसटायची.
त्याचीच टाच फुटली
चैत्रातल्या खाजनासारखी.

क्लॉदिना म्हणाली, दीष्ट.
मामी म्हणाली, नागाचं काहीतरी राहिलंय तुमच्यात.
मी वाटीवर वाटी खोबरेल थापत राहिले.
ते वरच राहायचं,
ओसरीवरून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं.

बांबोळीला डॉक्टर ब्रागांझांनी
दंडावर नख हलकेच ओढलं,
रक्ताचा कागद वाचला, विचारलं,
घरात तेल कुठलं?
आपा ताठ बसले.
हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

'खोबरेल चांगलंच.
पण यांना हवं ते त्यात नावापुरतंच.
लिनोलेइक म्हणतात त्या आम्लाला.
शरीराला ते घडवता येत नाही,
बाहेरूनच घ्यावं लागतं.
आणि आतडं आता आखूड,
तोंडाने दिलेलं पुरतं लागेलच असं नाही.
सलाइनमधून देऊच.
शिवाय सूर्यफुलाचं तेल अंगाला चोळून बघा.
कातडीही पिते थोडंथोडं.'

सूर्यफूल!
पिशवीतलं पिवळं पाणी, हा आपांचाच शब्द.
ते गावात आलं आणि घाणा थांबला.
लाट फोडून चुलीत गेली.
बैल विकला, त्याचं नाव
आपा आजही घेत नाहीत.

फोंड्याच्या बाजारातून ते मी
वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं,
दारू आणावी तसं.

पहिल्या रात्री त्यांनी हात दिला नाही.
दुसऱ्या रात्री दिला, तोंड भिंतीकडे.
दोन चमचे मोजले मी,
कोपरापासून मनगटापर्यंत जिरवले.
'वास नाही याला,' एवढंच बोलले.
'नाही,' मी म्हटलं.

असे सहा आठवडे.
केसांचं अजून काही खरं नाही.
टाच तशीच.
डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मात्र
चार बोटं जागा
लहान मुलाच्या कानामागे असते तशी झाली आहे.
कुणी बघत नसलं की आपा तिच्यावर
अंगठा फिरवतात.

काल त्यांनी बाटली मागितली.
थेंबभर तेल चिमटीत घेऊन चोळलं,
दिव्यासमोर बोटं फाकवून
तार किती धरते ते पाहिलं,
गिऱ्हाइकासमोर पाहायचे तसंच.
बराच वेळ पाहिलं.

'गाळलंय बरं,' म्हणाले.
आणि मग, पांघरूण सारत,
'उजवा पाय राहिलाय.'