तौनोचा डावा कान

ओउलूत डिसेंबरात दुपारी तीनलाच काळोख.
आत दिव्याखाली सहा तास
मी कानामागचं हाड कोरते आहे.
पाणी, भुगा, पुन्हा पाणी.

हातोडा, ऐरण, रिकीब:
तांदळाच्या दाण्याएवढं लोहारकाम.
तौनो घोड्यांना नाल ठोकतो.
त्याची ऐरण मीच उचलली,
ट्रेमध्ये ठेवली.

गाठीवर ताणलेली नस, शेवईहून बारीक.
ऐकणं जाणार, हे आधीच ठरलेलं.
चेहरा राहू दे, एवढंच.
यंत्र एकदा टिकटिकलं. हात थांबले.

सकाळी म्हटलं, हसून दाखवा.
"हसण्यासारखं काय झालंय?"
उजवा कान पुढे करत त्यानं विचारलं,
आणि ओठाचा डावा कोपरा
जरासा,
कुरकुरत,
वर गेला.