आवक-जावक

नोंदवही क्रमांक एक, पहिलं पान.
आवक: लाकडी कपाट एक, किल्ली नाही.
खुर्च्या तीन. शिक्क्याची शाई.
कुलगुरूंचं एक पत्र,
ज्यात 'उपकेंद्र' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला.

जांभळी नाक्यावर तूरडाळीच्या वखारीच्या माथ्यावर
दोन खोल्या. तेच विद्यापीठ.
खाली हमाल पोती मोजायचे: लाभ, दोन, तीन.
वर मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्याच तालात.
एकदा अख्खं वाणिज्य द्वितीय वर्ष एकानं चुकलं,
खालून कुणीतरी मधेच पुन्हा 'लाभ' म्हणालं म्हणून.
डाळीचा भुगा बसे कागदांवर, परीक्षक शिंकत.
निकाल लांबल्याची कारणं पुष्कळ दिली गेली,
हे दिलं नाही.

फोर्टला खेटे घालायचे नाहीत, एवढंच आमचं मोठेपण.
मोखाड्याहून तुळसा पागी पहाटे तीनला निघाली,
साडेअकराला माझ्या टेबलाशी.
स्थलांतर प्रमाणपत्रावर आडनाव पडलं होतं 'पगी'.
नियम असा: अर्ज, प्रतिज्ञापत्र, तीन आठवडे.
तिची परतीची गाडी दोनला.
कुलसचिवांचा शिक्का माझ्या खणात असे,
हे सांगायला आता हरकत नाही, पेन्शन सुरू झालंय.
आवक: काही नाही.
जावक: एक काना.

मग जमीन मिळाली, खाडीकडे.
नकाशात 'पडीक' लिहिलेलं.
त्याच पडीकात काथोड भोईरच्या बापानं
फळीनं मीठ ओढलं होतं तीस उन्हाळे.
काथोड आता तिथंच पहारेकरी, रोजंदारीवर.
बांध कुठं होता, उघाडी कुठं, त्याला पायानं ठाऊक.
पाया खणताना म्हणाला,
"सायेब, जोतं वर घ्या. पुनवंला पानी आत येल."
साहेबांनी त्याला चहा आणायला पाठवलं.

भाद्रपदाच्या पुनवेला आलं.
ग्रंथालयाच्या खालच्या फळीपर्यंत, जिथं
जड म्हणून कायद्याची पुस्तकं ठेवली होती.
मी वही उघडली. दुसरं काय करणार?
आवक क्रमांक चारशे बारा:
खाडीचं पाणी, दीड वीत. सोबत निवटे दोन, जिवंत.
'प्रेषक' या रकान्यात काय लिहू, काथोडला विचारलं.
"मालक लिवा," म्हणाला,
आणि खराटा घेऊन आला.
पाणी ओसरल्यावर भिंतीवर विळ्यानं त्यानं रेघ मारली,
माझ्या गुडघ्याच्या जरा खाली.

रेघेवर मजले चढत गेले.
विधी आला, व्यवस्थापन आलं,
संगणकाची एक खोली आली, जिथं चपला बाहेर काढाव्या लागत.
जिल्हा फुटला, मोखाडा पालघरात गेला.
पाकिटांवरचे पत्ते बदलले, गाडी तीच, पहाटे तीनची.
पदवीदान इथंच होऊ लागलं.
भाड्याच्या झग्यांना कापराचा वास,
आणि आया लेकरांच्या टोपीचा गोंडा सारखा करत राहायच्या,
फोटो काढून झाला तरी.

नॅकची समिती येणार म्हणून भिंतींना रंग दिला.
रेघ गेली. श्रेणी चांगली मिळाली.
पेढे वाटायला काथोडच होता.

जावक: श्री. काथोड भोईर यांना सेवेत कायम करणेबाबत.
हे पत्र मी अकरा वेळा पाठवलं,
अकराही वेळा स्वच्छ अक्षरात.
आवक बाजूला त्याच्या समोर कोरं.
बाराव्यांदा लिहायला घेतलं तेव्हा
तो पत्त्यावर राहिला नव्हता.

सगळं पडद्यावर गेलं तेव्हा वह्या रद्दीत निघाल्या.
एक मी पिशवीत घालून घरी आणली.
तोही गुन्हाच, लिहून ठेवा.
रात्री झोप नसली की चाळते.
परवा लक्षात आलं,
चारशे बाराच्या पुढं जावकची तारीख मी घातलेलीच नाही.
कागदोपत्री पाहिलं तर
ते पाणी
अजून आतच आहे.