खपली धरण्याआधी

शेफिल्डच्या उतारावर स्कूटर घसरली,
शाल्मलीचा गुडघा सोलवटला.
सिंकच्या कडेला बसवलं तिला.
कोमट पाणी, साधा साबण,
खडीचा एकेक कण चिमट्याने टिपला.
ती रडली नाही. माझा खांदा चावला.

आमच्याकडे दगडीपाला चुरडून पिळायचे.
‘वारा लागू दे, वाळेल,’ म्हणायचे.
वाळायचं.
मग मी उकरत बसायचो
बाकाखाली, भूगोलाच्या तासाला.

कोपऱ्यावरच्या फार्मसीतल्या ओकाफोरबाई म्हणाल्या,
कोरडं पडू देऊ नका.
खपली धरण्याआधीच व्हॅसलीनचा पातळ हात,
वर पट्टी, रोज नवी.
भरून आलं की उन्हात सनस्क्रीन.
‘ऊन?’ मी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं.
त्याही हसल्या.

आज अकरावा दिवस. पट्टीखाली
नव्या बटाट्याच्या सालीसारखी
पातळ, गुलाबी कातडी.
‘खाजतंय, बाबा.’
‘हात लावू नकोस.’
‘मग तुझ्या कोपराला एवढा वण कसा?’

दादाने बांधावरून ढकललं होतं,
सांगणार होतो.
चार वर्षं झाली, त्याचा फोन नाही.
माझाही नाही.

बोटाला उरलेलं व्हॅसलीन
कोपराला पुसलं.
उगीच.