दोनदा हाक

नियम साधा आहे : दोनदा विचारायचं.
पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर समजायचं, ऐकू गेलं नसेल.
दुसऱ्यांदाही नाही आलं
तर शेजारी बसलेला माणूस शेजारी नाही असं धरायचं
आणि विमान आपल्या हातात घ्यायचं.
वर्गात हे हसत हसत शिकलो होतो.
बेशुद्धीचं सोंग घेतलेल्या मास्तरांच्या
मिशा हलत होत्या.

अल्माटीहून अक्ताऊ, रात्रीची खेप.
खाली गवताळ रान, तासभर एक दिवा नाही.
तेमिरबोलात-आगांनी मासा खाल्ला, मेरुएर्तने मटण.
दोघांनी एकच जेवण घ्यायचं नाही, हाही नियमच.
पण सगळंच काही ताटातून येत नाही.

फोनवर तिचा आवाज : "अपाय, आत या."
एवढंच.
नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा सरळ,
आणि तेवढाच तापलेला.

आगा डावीकडे कलंडलेले,
सगळा भार त्या वीतभर दांडीवर.
तिने आपल्या बाजूचं लाल बटण अंगठ्याने दाबून धरलेलं,
आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.
बघायचं नसतं. आधी विमान, मग माणूस.
माणसाकडे बघायला मला बोलावलं होतं.

काखेत हात घालून मी त्यांना मागे ओढलं.
एकवीस वर्षं ह्या माणसाला चहा दिला,
त्याचं वजन आज कळलं.
खांद्याचे पट्टे आवळले, सीट मागे सरकवली.
बुटाची एक नाडी सुटली होती, ती बांधली.
का, ते विचारू नका.

डॉक्टर आहे का कुणी, म्हणून विचारलं
तर अराल्स्कचे ओरिनबासर उठले.
म्हणाले, मी उंटांचा डॉक्टर.
बाह्या सरसावत म्हणाले, उंटाचं काळीज मोठं, इतकाच फरक.
तिघांनी मिळून आगांना चहाच्या ट्रॉलीपाशी आडवं केलं
आणि ते छाती दाबायला लागले, कझाखमध्ये आकडे मोजत.
तिसाला थांबत, पुन्हा एकपासून.

प्रवाशांना मी सांगितलं :
विमानात एकजण आजारी आहेत, आपण किझिलोर्दाला उतरतोय.
खोटं काहीच नव्हतं त्यात.
चौदाव्या रांगेतल्या म्हाताऱ्याने विचारलं,
वर माझं खरबूज आहे, मुलीकडे नेतोय,
फुटणार तर नाही ना?
नाही फुटणार, म्हटलं.
त्या रात्री दिलेलं सगळ्यात जड वचन ते.

मग घडीच्या सीटवर बसून यादी वाचून दाखवली.
मी म्हणायचे, चाकं. ती म्हणायची, खाली.
मी म्हणायचे, फ्लॅप. ती म्हणायची, पूर्ण.
मला अर्थ कळत नव्हता, फक्त क्रम कळत होता,
लहानपणी पाठ केलेल्या दुआंसारखा.
दाराआडून आकडे ऐकू येत होते,
सत्तावीस, अठ्ठावीस.
तिने एकदाही मान वळवली नाही.
मानेवरची एक शीर तेवढी
मागे बघत होती.

दिव्यांच्या दोन ओळी आल्या.
चाकं टेकली ती कुणाच्या लक्षातही आली नसतील,
इतकी हलकी.

आगांना घेऊन गाडी गेली.
ओरिनबासर धापा टाकत पायरीवर बसले,
त्यांना काही विचारायचा धीर झाला नाही.
उघड्या दारातून वारा आला, खारट,
आटलेल्या समुद्राची धूळ घेऊन.
खरबूज छातीशी धरून म्हातारा उतरला.

मी आत गेले.
इंजिनं बंद, सगळं बंद.
ती समोर बघत बसलेली,
अंगठा हवेतच वाकवलेला, बटण दाबल्यासारखा.

"मेरुएर्त," मी म्हटलं.
उत्तर नाही.

दुसरी हाक मारायला मी घाबरले.
किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
मग मारली.

"हं," ती म्हणाली.
"यादीत अजून काही राहिलंय का?"

मी पान पालटून पाहिलं.
मागची बाजू कोरी होती.