डाव्या पानावर मेंढ्या

वही जुनीच आहे, मेंढ्यांच्या वेतांची.
डावीकडे लिहितो: काळ्या तोंडाची, जुळी, एक गेलं.
उजवं पान एलेरीच्या डोक्यासाठी.
सकाळी सहाला: चार.
शेजारच्या इवानने ट्रॅक्टर सुरू केल्यावर: सात.
रात्री: "विचारू नका, बाबा."
तेही लिहितो.

रग्बीचा सामना शेवटच्या दहा मिनिटांत होता.
समोरून येणाऱ्या पोरीचा गुडघा
आणि हिचं कानशील.
पडली तेव्हा आवाज झाला नाही.
उठून बसली, आणि पंचांना विचारलं,
शाळेची बस गेली का?
शाळा सुटून तिला सहा वर्षं झाली होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात
वेल्सच्या या अख्ख्या खोऱ्यानं
तिला डोक्यावर घेतलं होतं.
आता नववा आठवडा.
घरात चमचा बशीत ठेवत नाही कुणी,
घडी केलेल्या फडक्यावर ठेवतो.

दवाखान्यातली नेरिस हळू बोलते, पण हटत नाही.
सुरुवातीचे दोन दिवस आराम, ठीक.
त्यानंतर पडदे ओढून पडून राहायचं नाही.
चालायचं.
दुखणं एका आकड्यानं चढलं तर चढू दे,
दोनाच्या वर गेलं की मागे फिर.
उलटी, बोबडी वळणं, काही वेगळंच वाटलं,
तर माझी वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत.
आणि गोळी आठवड्यातून दोनच दिवस.
"रोज घेतलीस तर गोळीच डोकं दुखवायला लागते."

हे मला पटेना.
मग मॉटकडे पाहिलं.
कुत्र्याला येता-जाता तुकडा टाकला
की तो कळप सोडून खिशाकडे बघतो.
पटलं.

आम्ही अंतर फाटकांत मोजतो.
पहिल्या आठवड्यात पहिलं फाटक, आणि परत.
तिच्या डोळ्यांवर टोपी, माझ्या हातात पाण्याची बाटली,
ढग पातळ झाला तरी तिला उजेड टोचतो.
तिसऱ्या फाटकाशी एकदा गुडघे टेकून बसली,
दगडी भिंतीला कपाळ लावलं.
"गार आहे," म्हणाली. एवढंच.
घरी चुलीपाशी मानेचे व्यायाम,
हनुवटी आत, खांदे सैल,
कारण अर्धं दुखणं मानेत राहतं म्हणे
आणि भाडं डोक्याकडून घेतं.

आमच्या वेळी एक ओला स्पंज असायचा.
मानेवर पिळायचे, विचारायचे, बोटं किती?
काहीही सांगा, बरोबर असायचं.
एक अख्खा उत्तरार्ध मी खेळलो
जो मला आठवत नाही.
जिंकलो होतो. लोक सांगतात.

परवा वही उघडली
तर उजव्या पानावर तिच्या आकड्यांखाली
तिचंच वाकडं अक्षर:
बाबा. कोकरं मोजताना थांबले, डोळे मिटले. सहा?
बाबा. जेवले नाहीत. गोठ्यात, दिवा न लावता.
बाबा. गोळी. काल पण. परवा पण.

मी म्हणालो, हे काही नाही, हे असतंच.
"कधीपासून?"
मागे मोजत गेलो.
तिच्या जन्माच्या मागे गेलो,
लग्नाच्या मागे,
त्या न आठवणाऱ्या उत्तरार्धापर्यंत येऊन
बोट थांबलं.
मला वाटायचं, डोकं म्हणजे असंच असतं.
सगळ्यांचं.

ती हसली नाही.
टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली,
घट्ट झाली.

मंगळवारी नेरिसकडे दोन खुर्च्या.
ती आज चौथ्या फाटकापर्यंत गेली, परत आली: तीन.
मी दुसऱ्यापाशी बसलो. तिनं वाट बघितली, बोलली नाही.
आकडा सांगायला मला वेळ लागला,
मला तो कुणी कधी विचारलाच नव्हता.

डावीकडे: पांढऱ्या कानाची, एकच, अजून उभं राहिलेलं नाही.
कंदील घेऊन जातो.
वात बारीक ठेवून.