मुलामा

गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ कोणी खेळत नाही.
सकाळी सहाला तिथं मधुमेह फिरतो,
अकॅडमीची पोरं पॅड बांधतात,
त्र्यंबक रोडच्या अंगाला
गवती चहाचा गाडा उकळत असतो.
मी चार फेऱ्या मारतो. गुडघा बरा असला तर पाच.
तिसऱ्या फेरीत एका जागी
जमीन पायाखाली जराशी कलते,
आणि तेवढ्यापुरता मला
सावळीराम गांगुर्डे आठवतो.

वडील सांगायचे,
साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता शिकला.
पहिली काठी बोरीच्या फांदीची,
पहिला चेंडू नासर्डीच्या गाळात सापडलेला.
हिरवळ कुठली तेव्हा, भोकाभोवती
तेल पाजलेली वाळू असायची;
ती सारखी करायची, महिना चार रुपये.
मग एके वर्षी
पैशासाठी खेळणाऱ्यांची स्पर्धा लागली,
कलकत्त्याहून, बंगलोरहून माणसं आली,
आणि हा उतरला
हापूसच्या रंगाचा कोट घालून.
पोपटी विजार. डोक्याला जांभळा पटका.
कोट भद्रकालीत शिवलेला,
शिलाई उधार.
मडमा म्हणे दुर्बिणी काढून बघत होत्या.
वडील जरा वाढवून सांगायचे,
मीही सांगतो.

शेवटच्या भोकाशी त्यानं काय केलं
हे मला चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलंय.
एक म्हणतो, डोळे मिटून मारला.
एक म्हणतो, आधी पान जमवलं, निवांत,
पंचाला म्हणाला, थांबा, चुना कमी पडलाय.
चेंडू मात्र सगळ्यांच्याच गोष्टीत
आत गेलाय.

पेला त्याला मागच्या दारानं मिळाला,
खानसाम्याच्या हातून, कांद्याच्या टोपलीशेजारी.
क्लबच्या पायऱ्या त्याला फक्त झाडायला होत्या.
पेल्यावर नाव कोरलेलं, ‘सॅली’.
आडनाव नाही.
त्यानं तो टांग्यातून पंचवटीपर्यंत मिरवला,
त्यात चिवडा भरला, वर कांदा, वर लिंबू,
आणि रस्त्यात भेटेल त्याला म्हणाला,
घे, मूठ भर. सॅलीकडून.

मग वर्षं गेली. मणका गेला.
दारू – हो, दारूही.
नव्या पोरांना शिकवायचा, फी म्हणून
त्यांच्या बापांचे जुने टाय घ्यायचा,
एकावर एक तीन बांधायचा.

एका दुपारी सराफ बाजारात, आमच्या पेढीवर आला.
कोट तोच. कोपरांना लाल ठिगळं.
म्हणाला, वजन करा शेठ,
नाव वजनात धरू नका.
वडिलांनी पेला कसोटीवर घासला
आणि गप्प झाले.
चांदी वरवरची. आत पितळ.
‘माहितीये,’ सावळीराम म्हणाला,
‘पहिल्याच रात्री दात लावून बघितलाय.
मग काय, परत करायचा?
खेळ तर चोख होता ना.’

वडिलांनी चांदीचे पैसे मोजले.
आमच्या तीन पिढ्यांच्या वह्यांत
जाणूनबुजून तोट्याचा तेवढाच एक सौदा.
‘किरकोळ’ या खात्यात सापडतो.

पेला आता माझ्याकडे असतो.
शोकेसमध्ये नाही, दाराजवळच्या फळीवर.
त्यात किल्ल्या, सुट्टे पैसे, बीपीच्या गोळ्या,
एक बंद पडलेलं घड्याळ.
सून म्हणते, मुलामा देऊन आणू का,
तांबट लेनमध्ये अजून करतात.
मी नको म्हणतो.
कडेला, जिथं त्याचा अंगठा बसत असेल,
चांदी पार उडालीय
आणि पिवळं वर आलंय,
चांगलं ठसठशीत पिवळं,
भद्रकालीत शिवल्यासारखं,
शिलाई अजून उधार.