शिट्टी

जुबैलच्या आमच्या खोलीत चार खाटा.
तिसरीवर यशवंत आंब्रे, पाइप-फिटर, तालुका मंडणगड.
तो ख्रिस्ती झाला हे मला त्याच्या केसांवरून कळलं:
शुक्रवारी दुपारी निथळत आला,
आणि पाऊस तर जानेवारीत एकदाच येऊन गेलेला.

कुरियनच्या फ्लॅटवर, म्हणाला. न्हाणीघरात,
निळ्या पिंपात, गुडघे पोटाशी घेऊन.
डोकं आत. डोकं बाहेर.
पडदे ओढलेले, टाळ्या नाहीत,
गाणं ओठांच्या आतल्या आत,
खालच्या मजल्याला जाग नको म्हणून.
एक फिलिपिनो नर्स गिटारवर
नुसती बोटं फिरवते, तार छेडत नाही.
'तरी ऐकू येतं रे,' तो म्हणाला.
मी स्टोअरकीपर. जे मोजता येत नाही
त्याची मी पावती फाडत नाही.

नाव तेच ठेवलं त्याने.
इकाम्यावर नाव बदलायचं म्हणजे जन्मभर खेटे,
आणि जन्म, त्याच्या हिशेबाने, सात आठवडे उरलेला.

तारीख त्याने हळूच सांगितली,
जसा कुणी ओव्हरटाइमचा खरा रेट सांगतो.
जूनचा तिसरा शुक्रवार. कर्णा वाजेल,
मेलेले आधी उठतील, मग आपण.
मी म्हटलं, पासपोर्ट तर कंपनीच्या कपाटात आहेत.
तो हसला. 'ह्या एक्झिटला
कफीलाची सही लागत नाही.'

मग वस्तू वाटत सुटला.
ब्लँकेट नेपाळ्याला, सेफ्टी शूजचा नवा जोड भय्याला,
मला प्रेशर कुकर, तीन लिटर,
तुटलेला दांडा त्यानेच वेल्ड केलेला.
विम्याचा हप्ता भरला नाही.
गावाहून प्रमिलावहिनी मला फोन करायच्या:
'भावजी, हे रडतात फोनवर.
म्हणतात, तूही चल. कुठे ते सांगत नाहीत.
पोरीची नववीची फी
भरू की नको, तेवढं विचारा.'
मी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी सकाळपासून धूळ.
सूर्य घासायचा राहिलेल्या ताम्हनासारखा,
आणि रिफायनरीच्या ज्वाळेने
अख्खं आभाळ आतून तांबडं.
यशवंतने आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला,
खाटेच्या कडेला बसला,
हात मांडीवर, एसटीची वाट बघतात तसा.
त्याच्याकडे बघत बघत
मी माझे बूट चढवले.
का, ते विचारू नका.

चार वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला.
यशवंत उठून उभा राहिला.
तो चेहरा अजून माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.
घरी पोचलेला माणूस दार ठोठावायच्या आधी
क्षणभर थांबतो,
तसं काहीतरी.

गॅसगळतीची चाचणी होती.
तीन आखूड भोंगे, सगळं ठीक.
तो बसला. शर्ट काढला.
इस्त्रीच्या घडीवर घडी घातली.

रात्री नऊला म्हणाला, 'कुकर देतोस जरा?'
दिला. शिट्टी सापडेना.
अकरा वर्षांत माझ्या हातून हरवलेली पहिली वस्तू.
'असू दे,' म्हणाला, आणि डाळ चढवली.
वाफ नुसती सरळ वर जात राहिली,
आवाज नाही.
मी म्हटलं, शिट्टीशिवाय झाली हे कळणार कसं?
तो काही बोलला नाही,
झाकणापाशी कान नेऊन उभा राहिला
बराच वेळ.

डाळ थोडी टणकच होती.
मी अर्धी वाटी संपवली
तेव्हा तो डोळे मिटून बसलेला, अजून.
मी चमचा खाली ठेवला.